गाचाचा न्यायालयं: शेजारीच न्यायाधीश झाले तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराबद्दल वाचलेल्यांना टांझानियातल्या अरुशाचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बहुधा माहीत असतं. गावोगावच्या गाचाचा न्यायालयांबद्दल मात्र तेच ते प्रश्न पुन्हा येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. दोन प्रश्न एकाच मुद्द्याला भिडतात तिथे पुन्हा न लिहिता क्रमांक दिला आहे.

१. गाचाचा म्हणजे नेमकं काय?

मुळात ही रवांडाच्या डोंगराळ गावांतली तंटे मिटवण्याची जुनी रीत. वडीलधारे पुरुष मोकळ्या गवतावर बसायचे आणि जमीन, गुरं, लग्न, वारसा असली भांडणं ऐकायचे. चुकलेल्यानं भरपाई द्यायची, शेवटी सगळ्यांना केळ्यांची बिअर पाजायची, की प्रकरण मिटलं. खुनासारखी प्रकरणं तिथे येत नसत. तुरुंगवासाची शिक्षा नव्हती आणि निवाडा करणाऱ्यांत बायका नसत.

२००१ साली रवांडाच्या सरकारनं कायदा करून याच नावाची नवी न्यायालयं उभी केली. नाव, गवत आणि गावासमोर बोलणं एवढं जुनं. लेखी कायदा, नोंदवह्या, गुन्ह्यांची वर्गवारी आणि ३० वर्षांपर्यंतचा, पुढे जन्मठेपेपर्यंतचा तुरुंगवास हे सगळं नवं. त्यामुळे कुणी याला ‘प्राचीन आफ्रिकी शहाणपण’ म्हणून कौतुकानं मांडू लागलं, की थोडं सावध राहिलेलं बरं.

२. १९९४ मध्ये काय झालं होतं? थोडक्यात सांगाल का?

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचं विमान किगालीजवळ पाडलं गेलं. त्यानंतरच्या साधारण शंभर दिवसांत बहुसंख्य हुतू समाजातल्या कट्टरपंथी सत्ताधाऱ्यांच्या चिथावणीनं आणि आखणीनं अल्पसंख्य तुत्सींचं शिरकाण झालं. विरोध करणारे हुतूही मारले गेले. मृतांचा आकडा अभ्यासकांच्या अंदाजानुसार पाच ते आठ लाखांच्या घरात जातो, रवांडा सरकार दहा लाखांहून अधिक सांगतं. जुलैमध्ये पॉल कागामे यांच्या नेतृत्वाखालच्या रवांडा देशभक्त आघाडी या मुख्यतः तुत्सी बंडखोर संघटनेनं (पुढे ‘आरपीएफ’) किगाली घेतलं आणि हत्याकांड थांबलं.

गाचाचा समजून घ्यायचं तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मारणारे फक्त सैनिक आणि मिलिशियाचे (सशस्त्र टोळ्यांचे) लोक नव्हते. सामान्य शेतकरी कोयते आणि सोटे घेऊन त्यात उतरले होते, आणि मेलेल्यांपैकी कितीतरी जणांना ते नावानं ओळखत होते.

३. नेहमीची न्यायालयं असताना गावकऱ्यांच्या हाती न्याय का दिला?

कारण ‘नेहमीची न्यायालयं’ उरलीच नव्हती. देशात साडेसातशेच्या आसपास न्यायाधीश होते, त्यातले अडीचशेही वाचले नाहीत. वकील तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. दुसरीकडे अटकसत्र चालूच होतं. १९९८ पर्यंत तुरुंगांत सुमारे १ लाख ३० हजार माणसं कोंबली गेली होती. चारशे जणांसाठी बांधलेल्या गितारामा तुरुंगात १९९५ मध्ये सात हजारांच्या आसपास कैदी होते. बसायला जागा नाही, पाय कुजताहेत, अशी तिथली स्थिती. बऱ्याच जणांवर आरोपपत्रच नव्हतं.

१९९६ च्या कायद्याखाली खास न्यायकक्षांनी खटले सुरू केले, पण १९९८ पर्यंत जेमतेम तेराशे निकाल लागले. त्या गतीनं सगळे खटले संपायला शंभर वर्षं लागली असती. १९९८-९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या उरुग्विरो कार्यालयात शनिवारच्या बैठका होत, त्यांतून गाचाचाची कल्पना पुढे आली.

अडचण फक्त संख्येची नव्हती. कोणत्या उतारावर, कोणत्या दिवशी, कोणी कोणाला ओढत नेलं हे किगालीतल्या न्यायाधीशाला कळायला मार्ग नव्हता. ते टेकडीवरच्या, म्हणजे त्याच गावच्या, माणसांनाच ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच निवाडा करायला बसवणं हे या व्यवस्थेचं बळ होतं, आणि तिचे बहुतेक दोषही इथूनच निघाले. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं फिरून याच मुद्द्यापाशी येतात.

४. न्यायाधीश कोण होऊ शकत होतं? निवड कशी झाली?

ऑक्टोबर २००१ मध्ये देशभर निवडणूक झाली आणि सुमारे अडीच लाख न्यायाधीश निवडले गेले. जमलेल्या लोकांनी नावं सुचवायची, त्या माणसाबद्दल कोणाला काही म्हणायचं असेल तर तिथेच म्हणायचं आणि मग मत द्यायचं, अशी पद्धत. त्यांना ‘इन्यांगामुगायो’ म्हणत, म्हणजे सचोटीची माणसं.

अटी अशा: वय किमान २१, वागणूक चांगली, वंशसंहारात सहभाग नाही, सहा महिने किंवा त्याहून जास्त कैद झालेली नाही, गटबाजीची वृत्ती नाही. राजकीय पदाधिकारी, सरकारी अधिकारी, नोकरीतले सैनिक आणि पोलीस, व्यावसायिक न्यायाधीश, पक्ष, धर्मसंस्था किंवा स्वयंसेवी संस्थांचे पुढारी यांना मज्जाव होता. लिहिता-वाचता येण्याची अट फक्त मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना होती. बाकीचे निरक्षर असले तरी चालत, आणि असे बरेच होते.

जुन्या रीतीत नसलेल्या बायका इथे आल्या. न्यायाधीशांमध्ये त्यांचं प्रमाण साधारण एक तृतीयांश होतं. घरचे पुरुष मेले किंवा तुरुंगात गेले होते, हेही त्यामागचं एक कारण.

सुरुवातीला प्रत्येक मंडळात १९ न्यायाधीश होते. तेवढे जमेनात, म्हणून २००४ च्या कायद्यानं संख्या ९ वर आणली आणि २००७ मध्ये ७ वर.

५. त्यांना कायद्याचं शिक्षण होतं का? पगार मिळायचा का?

पगार नाही. मंडळातले बहुतेक जण पोटापुरती शेती करणारे. आठवड्यातला एक दिवस, पुढे काही ठिकाणी दोन-तीन दिवस शेत सोडून यायचं, आणि बदल्यात आरोग्य विम्याची थोडी मदत. लाच खाल्ल्याच्या तक्रारी झाल्या त्यामागे हेही होतं. लाच क्षम्य नाही, पण वर्षानुवर्षं फुकट राबवलेल्या माणसाकडून कोणी काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न उरतोच.

प्रशिक्षण २००२ मध्ये सुमारे सहा दिवसांचं झालं. पुढे कायदा बदलला तसं थोडं थोडं आणखी. एवढ्या तयारीवर ही माणसं कटाचे, मनुष्यवधाचे आणि सहभागाच्या प्रमाणाचे प्रश्न सोडवत होती.

६. ही ज्युरी होती का? की आपल्या तंटामुक्त गाव समितीसारखं काही?

दोन्ही नाही. ज्युरी फक्त दोषी की निर्दोष एवढंच सांगते, तिच्यावर कायदा जाणणारा न्यायाधीश असतो. नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीनं निर्दोष म्हटल्यावर सत्र न्यायाधीशानं तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. गाचाचाच्या मंडळावर तसा कोणी बसलेला नव्हता. पुरावा, दोष, शिक्षा, सगळं तेच ठरवत. तंटामुक्त समिती समझोता घडवते, तिला कोणालाही तुरुंगात पाठवता येत नाही. गाचाचाला येत होतं.

७. सुनावणीचा दिवस कसा असायचा?

ठरलेल्या वारी त्या भागातली दुकानं बंद, शेतीची कामं बंद. झाडाखाली, शाळेच्या पटांगणात किंवा पत्र्याच्या छपराखाली लोक जमत. किमान शंभर प्रौढ जमल्याशिवाय सभा सुरू करता येत नव्हती, त्यामुळे सकाळचे तास वाट बघण्यात जात. न्यायाधीश बाकावर बसत, खांद्यावरून राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पट्टा घेऊन. मृतांसाठी उभं राहून शांतता पाळली की अध्यक्ष नियम वाचून दाखवायचा.

मग आरोपी पुढे यायचा. गुलाबी कपड्यांतला कैदी असेल तर पहाऱ्यात. त्याचा कबुलीजबाब असेल तर तो वाचला जाई, आणि त्यानंतर कोणीही उठून बोलू शके. हत्याकांडातून वाचलेली विधवा, आरोपीचा भाऊ, त्याला रस्त्यावरून जाताना पाहिलेला शेजारी, न्यायाधीश स्वतःही. ‘तू त्या दिवशी नाक्यावर होतास, मी तुला पाहिलं’ असं कोणी म्हणे, दुसरा म्हणे तो तर त्या दिवशी माझ्याकडे होता. सचिव हातानं सगळं लिहून घेई, वाचून दाखवी, सह्या किंवा अंगठे घेई. न्यायाधीश बाजूला जाऊन विचार करत. एकमत झालं तर उत्तम, नाही तर बहुमत.

बोलताना कोसळणाऱ्या बायका असत. शंभर दिवसांचं सगळं पुन्हा अंगावर येई, श्वास अडके. त्यांना धरायला प्रशिक्षित स्वयंसेवक हळूहळू नेमले गेले, पण सगळीकडे नव्हते.

८. सगळे गुन्हे गावातच चालवले जायचे का?

नाही. २००४ च्या कायद्यानं तीन वर्ग केले. पहिल्या वर्गात हत्याकांड आखणारे, अधिकारपदावरून चिथावणारे, कुप्रसिद्ध खुनी आणि बलात्कारी. दुसऱ्यात मारणारे, मारण्याच्या हेतूनं हल्ला करणारे आणि त्यांचे साथीदार. तिसऱ्यात फक्त मालमत्ता लुटणारे किंवा नासवणारे.

सर्वांत खालच्या म्हणजे सेल पातळीवरच्या न्यायालयानं आधी माहिती गोळा करायची: १९९४ मध्ये या टेकडीवर कोण राहत होतं, कोण मेलं, काय लुटलं गेलं, संशय कोणावर. दहा घरांच्या प्रमुखांनी (न्युम्बाकुमी) या याद्यांचं बरंचसं काम केलं. त्यावरून वर्गवारी व्हायची. तिसरा वर्ग सेल पातळीवरच चाले, दुसरा त्याच्या वरच्या सेक्टर न्यायालयात. पहिला वर्ग सुरुवातीला नेहमीच्या न्यायालयांकडे होता. २००८ मध्ये त्यातलेही बरेच खटले गाचाचाकडे वळवले गेले. हा बदल माझ्या मते चुकीचा होता. जेमतेम काही दिवसांच्या प्रशिक्षणावर बसवलेल्या मंडळांपुढे आता जन्मठेपेची प्रकरणं आली.

९. गुन्हा कबूल केला की सुटका व्हायची, हे खरं आहे का?

सुटका नाही, सवलत. २००४ च्या कायद्याप्रमाणे खून करून कबुली न देणाऱ्याला २५ ते ३० वर्षं. यादीत नाव आल्यावर कबूल केलं तर १२ ते १५. नाव येण्याआधीच स्वतः पुढे आला तर ७ ते १२. त्यातलीही निम्मी शिक्षा सार्वजनिक कामाच्या रूपानं भोगता येई: दगड फोडणं, डोंगरउतारावर पायऱ्यांची शेतं काढणं, रस्ते, वाचलेल्यांसाठी घरं.

कबुली म्हणजे नुसतं ‘हो, मी मारलं’ नव्हे. कोणाला, कुठे, कोणाबरोबर, आणि प्रेत कुठे टाकलं हे सांगावं लागे, जाहीर माफी मागावी लागे. वाचलेल्यांपैकी अनेकांना गाचाचात शिक्षेपेक्षा याचीच ओढ होती. दहा-बारा वर्षं आई कुठल्या खड्ड्यात आहे हे माहीत नाही, आणि समोरचा माणूस सांगतो की त्या शौचकुपात, त्या केळीच्या बागेत. मग गाव खणायला जाई. हाडं वर काढून धुऊन स्मारकात सन्मानानं पुरली जात. गाचाचावर टीका करणाऱ्यांनाही ही गोष्ट नाकारता येत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही न्यायालयातून ती मिळाली नसती.

पण अर्धी कबुलीही खूप झाली. साथीदार म्हणून मेलेल्यांची किंवा परदेशी पळालेल्यांची नावं घ्यायची, जिवंत शेजाऱ्यांना वाचवायचं. काही ठिकाणी पैसे घेऊन एकानं सगळ्यांचा गुन्हा आपल्या डोक्यावर घेतला. त्याला लोक ‘टेकडी विकत घेणं’ म्हणत. आणि काही गावांत सरळ ‘चेचेका’, म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं.

१०. वकील नव्हते, तर आरोपीनं बाजू मांडायची कशी?

स्वतः, नाहीतर उठून बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या भरवशावर. वकील नव्हते आणि सरकारी वकीलही नव्हते. कल्पना अशी की पूर्ण गावासमोर कोणीही बोलू शकतं, म्हणजे खोटं आपोआप उघडं पडेल. जिथे लोक निर्भयपणे बोलले तिथे हे चाललंही. पण ज्याच्या बाजूनं बोलायला कोणी धजावलं नाही, तो एकटाच पडला. मानवी हक्क संघटनांचा सर्वांत जुना आक्षेप हाच होता, आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

११. हजर राहणं सक्तीचं होतं का? साक्ष दिली नाही तर?

होय, आणि २००४ नंतर सक्ती वाढत गेली. माहीत असून न सांगणाऱ्याला किंवा खोटं सांगणाऱ्याला तीन ते सहा महिन्यांची कैद होऊ शकत होती, पुन्हा तसं केलं तर जास्त. साक्षीदाराला किंवा न्यायाधीशाला धमकावणं हा वेगळा गुन्हा.

कायदा एका बाजूला, भीती दुसऱ्या. साक्ष दिल्यामुळे वाचलेल्यांचे खून झाले, घरं जाळली गेली, गुरं मारली गेली. वाचलेल्यांची संघटना ‘इबुका’ यावर वारंवार बोलत आली. उलट, आपलं नाव यादीत येणार या धसक्यानं २००५ मध्ये हजारो हुतू शेजारच्या बुरुंडीत पळाले. त्यांत खरे गुन्हेगार होते आणि जुन्या भांडणातून कोणी नाव घेईल या भीतीनं निघालेलेही.

१२. न्यायाधीशच गुन्हेगार निघाला तर? किंवा आरोपी त्याचा भाऊच असेल तर?

पहिलं नेहमी घडलं. माहिती गोळा करण्याच्या टप्प्यात सुमारे ४५ हजार न्यायाधीशांवरच वंशसंहारात भाग घेतल्याचे आरोप झाले आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. निवडणुकीत ‘सचोटीचा’ म्हणून हात वर झालेला माणूस चार वर्षांनी त्याच बाकासमोर आरोपी म्हणून उभा. हे व्यवस्थेचं अपयश म्हणायचं, की त्या दहा-बारा वर्षांत लोक किती गप्प होते याचा पुरावा? मला दुसरं जास्त पटतं. २००१ मध्ये बोलायची हिंमत नव्हती, २००५ मध्ये थोडी आली.

नात्याबाबत नियम स्पष्ट होता. जवळचं नातं, उघड वैर, घट्ट मैत्री किंवा पालकत्वाचा संबंध असेल तर न्यायाधीशानं त्या खटल्यापुरतं बाजूला व्हायचं, आणि तो झाला नाही तर कोणीही ते लक्षात आणून द्यायचं. कागदावर ठीक. प्रत्यक्षात एका टेकडीवर सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. न्यायाधीश स्वतः विधवा असेल, तिच्या नवऱ्याला मारणाऱ्या टोळीतला एक जण दुसऱ्याच खुनासाठी समोर असेल, तर तिनं उठावं की बसावं? याचं उत्तर कायद्यात नव्हतं. हिशेब चुकता करण्याचीही उदाहरणं आहेत. २००७ मध्ये किगालीच्या बिर्योगो भागात एका मानवी हक्क कार्यकर्त्याला १९ वर्षांची शिक्षा झाली. ज्या न्यायाधीशावरच्या आरोपांची त्यानं आधी चौकशी केली होती, तोच त्या मंडळावर बसला होता आणि बाजूला व्हायला तयार झाला नाही.

१३. बलात्काराचे खटलेही सगळ्या गावासमोर चालले का?

नाही. २००४ च्या कायद्यानं सार्वजनिक सभेत बलात्काराचा आरोप करायला किंवा कबुली द्यायलाच मनाई केली. पीडितेनं विश्वासातल्या न्यायाधीशाला किंवा थेट तपासयंत्रणेला गुप्तपणे सांगायचं होतं, आणि खटला पहिल्या वर्गाचा म्हणून नेहमीच्या न्यायालयात जायचा. २००८ नंतर (पाहा प्रश्न ८) ते गाचाचाकडे आले, पण बंद दाराआड. उपस्थितांवर गुप्ततेचं बंधन होतं.

तरी बंद दार कितपत बंद असतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. सुनावणीच्या दिवशी कोण आत गेली हे सगळे बघत. काही बायकांनी त्यामुळे तक्रार मागे घेतली. काहींनी मात्र किगालीच्या न्यायालयापेक्षा इथे लवकर सुनावणी झाली, म्हणून समाधानही व्यक्त केलं.

१४. त्या वेळी लहान असलेल्यांचं काय?

१९९४ मध्ये १४ वर्षांखाली असलेल्यांवर खटला नाही. १४ ते १८ मधल्यांना प्रौढांपेक्षा कमी शिक्षा.

१५. लुटलेल्या मालमत्तेची भरपाई मिळाली का?

निकाल मिळाले, पैसे क्वचित. गाचाचातले सर्वाधिक खटले याच प्रकारचे, एकूण सुमारे १९ लाख ५८ हजारांपैकी १३ लाखांहून अधिक. छपराचे पत्रे, गाई, दारं-खिडक्या, कडधान्य. शिक्षा म्हणून तुरुंग नव्हता, फक्त वस्तू परत करणं, किंमत देणं किंवा तितकं काम करून देणं. दोघांनी आपसात ठरवून टाकलं तरी चालायचं, आणि कित्येक ठिकाणी तसंच झालं.

अडचण अशी की देणारा घेणाऱ्याइतकाच गरीब. पत्रा विकून पंधरा वर्षं झालेली, गाय खाऊन टाकलेली. कुटुंबातली माणसं मारली गेली त्याबद्दलची भरपाई तर गाचाचाच्या कक्षेतच नव्हती. वाचलेल्यांच्या मदतीसाठी १९९८ मध्ये सरकारनं निधी काढला, त्यातून शिक्षण, औषधोपचार, घरं मिळाली. पण तो मदतनिधी होता, नुकसानभरपाई नव्हे, आणि हा फरक वाचलेले लोक आजही ठासून सांगतात.

१६. निकालाविरुद्ध अपील करता यायचं का?

दुसऱ्या वर्गात हो, सेक्टर पातळीवरच्याच वेगळ्या अपील मंडळाकडे. मालमत्तेच्या खटल्यात नाही. गाचाचाबाहेरच्या न्यायालयात दाद मागता येत नव्हती. एकाच टेकडीवरचे लोक खालीही आणि वरही बसलेले, त्यामुळे प्रश्न १२ मधली अडचण इथेही.

१७. आरपीएफच्या सैनिकांनी केलेल्या हत्यांचे खटले चालले का?

गाचाचात नाही. १९९४ मध्ये आणि नंतर आरपीएफच्या सैनिकांनी हजारो नागरिक मारले, याचे संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी आणि मानवी हक्क संघटनांनी पुरावे गोळा केले आहेत. २००१ च्या कायद्यात युद्धगुन्ह्यांचा उल्लेख होता, २००४ मध्ये तो काढून टाकला. सभेत कोणी हा विषय काढला तर त्याला गप्प केलं जाई. सरकारचं म्हणणं असं की हे वंशसंहाराच्या तोडीचे गुन्हे नव्हते आणि त्यांच्यासाठी लष्करी न्यायालयं आहेत. ते गुन्हे वंशसंहाराच्या तोडीचे नव्हते हे मान्यच. पण लष्करी न्यायालयांत फार थोडे खटले चालले. ज्या हुतू कुटुंबांची माणसं त्यात गेली, त्यांना दर आठवड्याला सक्तीनं बसून फक्त दुसऱ्यांच्या मृतांबद्दल ऐकावं लागलं.

१८. परदेशी माणसावर गाचाचात खटला झाला का?

बेल्जियन धर्मगुरू गी तेनिस यांचं प्रकरण गाजलं. सप्टेंबर २००५ मध्ये किगालीच्या गाचाचानं त्यांना पहिल्या वर्गात टाकलं. पुढे त्यांना बेल्जियमच्या हवाली केलं गेलं.

१९. अरुशाच्या न्यायाधिकरणाशी याचा काय संबंध?

थेट काहीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं नोव्हेंबर १९९४ मध्ये नेमलेलं, पुढे अरुशाला बसलेलं हे न्यायाधिकरण वरच्या सूत्रधारांसाठी होतं: मंत्री, सेनाधिकारी, चिथावणीखोर रेडिओचे चालक. २०१५ अखेर ते बंद झालं तेव्हा ९३ जणांवर आरोप ठेवले गेले होते, ६२ दोषी ठरले. खर्च एक अब्ज डॉलरच्या कितीतरी वर. गाचाचाचा संपूर्ण खर्च पाच कोटी डॉलरच्या आसपास सांगितला जातो. या तुलनेत एक चलाखी आहे. न्यायाधीशांचे फुकट गेलेले दिवस आणि गावकऱ्यांचे बुडालेले आठवडे त्या पाच कोटींत धरलेले नाहीत.

२०. शेवटी किती खटले झाले? सगळेच दोषी ठरले का?

जून २००२ मध्ये मोजक्या भागांत प्रयोग, २००५ पासून सर्वत्र माहिती संकलन, २००६ मध्ये देशभर खटले आणि १८ जून २०१२ ला अधिकृत समाप्ती. बारा हजारांहून अधिक न्यायालयं, एकोणीस लाखांहून अधिक खटले, सुमारे दहा लाख आरोपी. एकाच माणसावर अनेक खटले असू शकत, म्हणून हे आकडे वेगळे. सगळे दोषी ठरले नाहीत. एकूण साधारण १४ टक्के खटल्यांत निर्दोष सुटका झाली, आणि खून-हल्ल्याच्या वर्गात हे प्रमाण बरंच जास्त होतं.

सुरुवातीला सव्वा लाख कैद्यांचा प्रश्न सोडवायला काढलेली ही व्यवस्था. लोक बोलू लागले तसे नवे आरोपी वाढत गेले, आणि तुरुंग रिकामे करायला निघालेल्यांना नव्या शिक्षांसाठी जागा शोधावी लागली.

२१. मग समेट झाला का?

दोन माणसांपुरतं विचाराल तर कधी हो, कधी नाही. मारेकऱ्याला माफ करून त्याच्याबरोबर सहकारी संस्थेत काम करणाऱ्या बायका आहेत. माफी मागितली ती फक्त शिक्षा कमी करायला, असं म्हणून त्याच्या दारावरून न जाणाऱ्याही आहेत. सरकार गाचाचाला मोठं यश मानतं. पण रवांडात सरकारच्या मताविरुद्ध बोलणं सोपं नाही, तेव्हा तिथल्या जाहीर समाधानाचं वजन थोडं कमीच धरावं. मला एवढं मात्र खात्रीनं सांगता येईल की ‘इथे काही झालंच नाही’ असं म्हणायची सोय कुठल्याही टेकडीवर उरली नाही.

२२. दुसऱ्या कुठल्या देशानं असं केलं का?

एवढ्या प्रमाणावर नाही. पूर्व तिमोरमध्ये १९९९ च्या हिंसाचारानंतर सत्यशोधन आयोगानं गावपातळीवर समेटाच्या सभा घेतल्या, स्थानिक पुढारी पंच म्हणून बसले. पण खून आणि बलात्कार मुद्दाम बाहेर ठेवले. जाळपोळ, लूट, मारहाण एवढंच. प्रश्न ८ मधली माझी तक्रार लक्षात असेल, तर तिमोरनं कुठे शहाणपणा केला ते कळेल.

२३. गाचाचा बंद झाल्यावर राहिलेले खटले कुठे गेले? आता कोणी फरार सापडला तर?

गंभीर खटले नेहमीच्या न्यायालयांकडे. रवांडानं २००७ मध्ये मृत्युदंड रद्द केल्यावर परदेशांनी आरोपी सोपवायचा मार्ग हळूहळू मोकळा झाला. २०१२ मध्ये अरुशानं पहिला आरोपी पाठवला, २०१३ मध्ये नॉर्वेनं एक. असे खटले किगालीत व्यावसायिक न्यायाधीश आणि वकिलांसह चालतात. गावातले किरकोळ तंटे मात्र अजूनही गावकरीच मिटवतात. त्या मध्यस्थांना ‘अबुंझी’ म्हणतात, तेही बिनपगारी.

२४. शिक्षा भोगून परत आलेला माणूस त्याच गावात राहू शकतो का?

राहू शकतो, आणि बहुतेक तेच करतात, कारण जमीन तिथेच असते. १९९४-९५ मध्ये पकडले गेलेले आणि ३० वर्षांची शिक्षा झालेले आता सुटायला लागले आहेत. सुटकेनं मालमत्तेच्या भरपाईचा निकाल आपोआप फिटत नाही, तो वेगळा वसूल होतो. वंशसंहार झालाच नाही असं जाहीरपणे म्हणणं हा गुन्हा आहे, त्यासाठी पुन्हा आत जावं लागू शकतं. ज्यांनी साक्ष दिली त्यांची भीती मात्र यानं जात नाही. सुटणाऱ्याची खबर गावाला आधी द्यावी, अशी त्यांची मागणी असते.